विषय: सोलापूरच्या घरातली सायकल आणि बॉटम ब्रॅकेट

नमस्कार मंडळी,

डिसेंबरअखेर तीन आठवडे सोलापूरला जातोय. घरी वडिलांची काळी चोवीस इंची सायकल आहे. ते मिलमध्ये होते तेव्हापासून तीच. पायडल मारलं की खालून कट्-कट् वाजतं आणि क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, हाताने धरली तर डावी-उजवीकडे हलते. भाऊ म्हणतो, भंगारात देऊन टाकू. मला ती चालती करायची आहे. इथून सीलबंद बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक ज्यावर फिरते तो आसाचा जोड, घेऊन जाऊ का? काकांनी असं काम घरी केलंय असं कळलं, म्हणून या मेल-यादीवरच विचारतो.

---

उत्तर: सोलापूरच्या घरातली सायकल

अरे, इथून काहीही नेऊ नकोस. आपल्याकडच्या जुन्या सायकलींची क्रँक कॉटर पिनेवर, म्हणजे आडव्या ठोकलेल्या पाचरीसारख्या पिनेवर, बसते, सीलबंद नळकांड्याचा आस तिला लागत नाही. कप (छर्रे ज्यात फिरतात त्या वाट्या), आस, छर्रे, पिना हे सगळं सोलापुरात सायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतं. जुना आस नमुन्याला बरोबर ने म्हणजे लांबी चुकणार नाही.

सगळ्यात अवघड काम कॉटर पिन काढायचं. नट पूर्ण काढू नकोस, पिनेच्या टोकाबरोबर आण, म्हणजे आटे चेपणार नाहीत. मग क्रँकच्या खाली लोखंडी पाइपाचा तुकडा जमिनीवर उभा टेकव, पिन त्याच्या पोकळीत उतरेल असा. पाइपाशिवाय ठोकलंस तर प्रत्येक घाव छर्र्यांवर जातो आणि कपात खड्डे पडतात. माझ्या सायकलीचं एका दुकानात असंच झालं होतं, एका दुपारीत चांगला कप गेला. पाइप लावून एकच सणसणीत घाव घाल. दहा हलके घाव पिन वाकवतात.

खाली जुनी सोलापुरी चादर अंथर. डावीकडची लॉक रिंग (कपाला जागेवर धरणारी कडी) आणि कप काढला की छर्रे सांडतात, ते चादरीच्या जाड विणीत अडकून राहतात, फरशीवर मात्र पार कपाटाखाली जातात. एका बाजूला पाव इंची 11, दोन्ही मिळून 22. जुने परत घालू नकोस, नवे घे. माझ्या सायकलीतलं ग्रीस मशेरीसारखं काळं आणि कोरडं झालं होतं. सगळं डिझेलने धुतलं तेव्हा आसावर छर्रे फिरतात त्या पट्ट्यात देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले. ते नखाला लागत होते. असा आस बदलायचाच, ग्रीसने तो बरा होत नाही.

उजवा कप, म्हणजे चेनकडचा, आधी जागेवरच पुसून बॅटरीने बघ. गुळगुळीत असेल तर हात लावू नकोस. काढावाच लागला तर त्याचे आटे उलटे आहेत, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलास की सुटेल. उगाच ठेवलेले नाहीत ते: उजवीकडून पाहिलं तर आस काट्याच्या दिशेने फिरतो आणि छर्र्यांचा फिरता दाब कपाला हळूहळू विरुद्ध दिशेने सरकवतो. साधे आटे असते तर कप चालता चालता सुटला असता. पायडलचा हिशेब वेगळा, तिथे उलटे आटे डावीकडे असतात. याच घोळात लोक उजवा कप चुकीच्या बाजूला आवळत बसतात आणि शेवटी आटे मारतात.

बसवताना आसाचं लांब टोक चेनकडे. डावा कप इतकाच आवळ की आस अडखळता कामा नये आणि हलताही कामा नये. लॉक रिंग आवळताना कप सोबत फिरतो, म्हणून तो दुसऱ्या पान्याने धरून ठेव. हे मला चार वेळा करावं लागलं, तुलाही लागेल. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घाल, नाहीतर दोन्ही पायडलं एका रेषेत येणार नाहीत.

---

उत्तर: सोलापूरच्या घरातली सायकल

काका, माझी इथली नवी सायकलही अशीच वाजते. तिलाही छर्रेच बदलायचे का?

---

उत्तर: सोलापूरच्या घरातली सायकल

नाही ताई, तुमच्या सायकलीत सीलबंद आहे, अख्खं बदलायचं. क्रँक ठोकायची नाही, क्रँक पुलर, म्हणजे क्रँक ओढून काढायचं अवजार, लागतो, आणि तो आट्यांत पूर्ण बसल्याशिवाय जोर लावू नका. पण आधी पायडलांचे आटे साफ करून ग्रीस लावून बघा, पुष्कळदा आवाज तिथूनच येतो.

---

उत्तर: सोलापूरच्या घरातली सायकल

काका, सोलापूरहून लिहितोय. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी सुरू झालीय, तरी नवी पेठेतून सायकल चालवत आलो, आवाज नाही. डावी पिन एका घावात निघाली. उजवीला पाइप नीट बसला नव्हता, ती वाकली, नवी आणली आणि कानस मारून बसवली. उजवा कप गुळगुळीत निघाला, हात लावला नाही. आस मात्र तुम्ही सांगितला तसाच खड्ड्यांचा होता. तो वडिलांनी मागून घेतला आणि बराच वेळ अंगठा फिरवत बसले.

भंगारवाल्याचं नाव आता भाऊ काढत नाही. पन्नासएक किलोमीटर झाल्यावर पिनांचे नट पुन्हा आवळायचे, हे त्याला पाना हातात देऊन दाखवून ठेवलंय.