मदत हवी आहे : जुना लोखंडी कॉन्ड्युट, नवा डीबी, आटे जुळत नाहीत

गिरगावातल्या चाळीत लाकडी बोर्डावरचे किटकॅट फ्यूज काढून पत्र्याचा १२-वे डीबी (बारा सर्किटांना वीज वाटणारा डबा) बसवायचा आहे. वरून वायरींचे पाच लोखंडी पाइप (कॉन्ड्युट) उतरतात.

तीन पाइप व्हर्नियरवर बाहेरून १९ मिमी, इंचाला १६ आटे. म्हणजे जुनं पाऊण इंची ब्रिटिश माप. २० मिमीचा चेकनट (पाइप डब्याला आवळणारा पातळ नट) त्यावर नुसता सरकतो, आणि पाइपच बारीक असल्याने २० ची डाय (आटे पाडायचं हत्यार) फिरवूनही पूर्ण आटे पडणार नाहीत. टेफ्लॉन टेप गुंडाळा असं कृपया सांगू नका. सध्या अर्थिंग पाइपातूनच जातंय, धातूला धातू भिडायलाच हवा.

खरं कोडं उरलेल्या दोघांचं. आटे नाहीत, पत्रा पातळ, लांबीभर सांधा दिसतो. टोकाला चीर दिलेली ओतीव कॉलर, बाजूच्या एका स्क्रूने आवळलेली. आत गंज, त्यामुळे कॉलर हलवली की कंटिन्युइटी (अर्थिंगची सलग जोडणी) तुटते. ह्या फिटिंगला बाजारात काय म्हणतात?

लोहार चाळीत (मुंबईतल्या इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात) पाऊण इंची चेकनट, पितळी बुश किंवा २० मिमीला जोडणारा अडॅप्टर सुटा मिळतो का? स्वतंत्र हिरवी अर्थ वायर ओढणार आहेच, पण कडक झालेल्या रबरी वायरी आधी निघाल्या पाहिजेत. की ते दोन पाइप सोडून वरून पीव्हीसी केसिंगच घ्यावी?