हप्ता थकला म्हणजे वाटेल तो आकार लावायचा का?

इंद्रायणीकाठ
मावसभावाचं प्रकरण आहे. घरात यावरून दोन तट पडलेत, म्हणून इथे टाकतोय.

भाऊ चाकणला कंत्राटी कामगार. डिसेंबर २०२४ मध्ये बहिणीच्या लग्नासाठी एका फायनान्स कंपनीकडून तीन लाखांचं वैयक्तिक कर्ज काढलं. १६ टक्के, ३६ महिने, हप्ता १०,५४७. खात्यात आले २,८१,९५०. प्रोसेसिंग फी जीएसटीसकट ८,८५० आणि कसल्याशा विम्याचे ९,२०० आधीच कापून घेतले. त्या विम्याचा कागद अजून आम्ही पाहिलेला नाही. हप्ता मात्र पूर्ण तीन लाखांवर. हातात आलेल्या रकमेवर हिशेब मांडला तर १६ चे साडेवीस होतात.

सात हप्ते तारखेला गेले. जुलैअखेर कारखान्याने ब्रेक दिला, म्हणजे काम थांबलं. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर थकले, म्हणजे ३१,६४१. आता काम पुन्हा मिळालंय, पैसे भरायची तयारी आहे. पण खातेउतारा मागवला तर त्यात वर आणखी ९,२१४. कसले? बाउन्स आकार आठ वेळा ५९० प्रमाणे ४,७२०. तीन हप्ते थकले, आणि बाउन्स आठ! एकाच महिन्यात तीन-तीनदा खात्यावर टाकून बघितलंय. ‘भेट आकार’ चार वेळा ७५०, म्हणजे ३,०००. वसुलीवाला आला एकदाच, तोही रात्री नऊला, आणि भावाच्या सासूरवाडीला. दंड १,२६६ आणि दंडावर जीएसटी २२८. शिवाय भावाच्या स्वतःच्या बँकेने आठ वेळा ५९० कापले ते वेगळेच.

माझं म्हणणं: हप्ते आणि व्याज भरायचंच. पण या ९,२१४ चा एकेक रुपयाचा हिशेब मिळेपर्यंत वरचं काही द्यायचं नाही. मावशी म्हणते, “माझ्या पाटल्या मोड, पण दारात माणूस नको.” काका म्हणतात, “नऊ हजारांसाठी कुठे झगडत बसता.” तुमचं मत?

कडू कारलं
माझं मत काकांच्या बाजूने. का ते सांगतो.

२२ वर्षं पतसंस्थेत काढली, त्यातली शेवटची नऊ वसुलीला. लोकांना वाटतं पतसंस्थेचा पैसा म्हणजे चेअरमनचा पैसा. तो असतो भाजीवालीच्या पिग्मीचा. रोजचे पन्नास-शंभर. तिला मुलीच्या बारशाला ते परत हवे असतात, आणि त्या दिवशी ते तुमच्या भावाकडे अडकलेले असतात. तेव्हा ‘अन्यायकारक आकार’ वगैरे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

आणि सही कोणी केली? मोबाइलवर ओटीपी टाकताना पुढचं पान कोणी उघडून बघत नाही. ऑगस्टमध्ये काम गेलं तर ऑगस्टमध्येच शाखेत जाऊन सांगायचं होतं. माझ्याकडे समोर येऊन बसणाऱ्या माणसाला मी कधी हाकललं नाही. हप्ता लहान करून दिलाय, मुदत वाढवून दिलीय. फोन बंद करून बसणाऱ्याच्या खात्यावर मात्र जे जे आकारता येईल ते आकारलं. लाज नाही वाटत.

शून्य शिल्लक
म्हणजे फोन उचलला तर ७५० वाचतात. दर मिनिटाला चांगला भाव आहे.

काळा कोट
@इंद्रायणीकाठ, तुमचा मुद्दा भावनेचा नाही, कागदाचा आहे. तसाच लढा.

ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावं लागतं, कर्जदाराला समजेल त्या भाषेत. त्यात विमा, फी सगळं धरून वार्षिक दर लिहावा लागतो. तुमचे साडेवीस तिथे दिसले पाहिजेत. आणि त्या पत्रकात ज्या आकाराचा उल्लेख नाही, तो कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे कधीही लावता येत नाही. ते पत्रक काढा आणि ‘भेट आकार’ शोधा. माझ्या अनुभवात तो बहुतेकदा सापडत नाही.

दंडाचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये दंडव्याज ही पद्धतच बंद केली. दंड ‘आकार’ म्हणून घ्या, पण तो मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावायचं नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू. या दंडावर जीएसटी लागत नाही हेही सरकारने स्पष्ट केलंय, म्हणजे तुमचे २२८ सरळ चूक. पण १,२६६ चा दंड पत्रकात असेल तर तो भरावा लागेल. तिथे भांडू नका.

इंद्रायणीकाठ
पत्रक सापडलं. ईमेलमध्ये होतं, इंग्रजीत, अकरा पानांच्या कराराच्या पोटात. भेट आकार नाही. बाउन्स आकार आहे, पण ‘प्रति हप्ता’ असं लिहिलंय, प्रति प्रयत्न नाही.

एक राहिलं. तो वसुलीवाला म्हणाला होता, “सोमवारी बेलिफ घेऊन येतो, टीव्ही-फ्रिज उचलतो.” सासूबाईंनी तेव्हापासून जेवण टाकलंय.

काळा कोट
बेलिफ कोर्टाचा माणूस. फायनान्स कंपनी त्याला रिक्षात घालून आणू शकत नाही. त्याच्या आधी दावा, मग हुकूमनामा, मग दरखास्त म्हणजे त्याच्या बजावणीचा अर्ज, मग जप्ती वॉरंट. यातलं एकही पाऊल न पडता जो ‘बेलिफ’ म्हणवतो त्याला कोर्टाचं ओळखपत्र आणि वॉरंट मागा, नाही तर पोलीस ठाण्यात चला म्हणा.

आणि खरा बेलिफ आला तरी सूर्यास्तानंतर जप्तीसाठी घरात शिरू शकत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० त्या सासूबाईंना वाचून दाखवा: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रीतीप्रमाणे बाईला अंगावरून काढता येत नाहीत ते दागिने, कारागिराची हत्यारं, यांना हात लावता येत नाही. पगारातले पहिले १,००० आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुटतो. टीव्ही मात्र सुटत नाही, खोटं कशाला सांगू. पण तो सासूबाईंचा टीव्ही आहे, आणि कर्ज जावयाचं.

तुरुंगाची भीती घातली असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा १९८० चा जॉली जॉर्ज वर्गीज निकाल आहे. ज्याची ऐपतच नाही आणि नियत साफ आहे, त्याला केवळ पैसे न दिले म्हणून दिवाणी कोठडीत टाकता येत नाही.

कडू कारलं
वकीलसाहेब अर्धंच सांगतायत. बाउन्सचं काय? चेक असेल तर चेक न वटल्याचं कलम १३८, खात्यातून हप्ता वळता करायचा आदेश परत गेला तर २००७ च्या पेमेंट कायद्याचं कलम २५. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दुप्पट दंड. तो फौजदारी मामला आहे, तिथे ‘नियत साफ’ चालत नाही. आणि लवादाची नोटीस? ती पाकीट न उघडता फ्रिजवर ठेवतात लोक. लवादाचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच बजावता येतो, मग तुमचा तो खराखुरा बेलिफ दारात.

पतसंस्थेला तर दिवाणी दावाही लागत नाही. सहकार कायद्याचं कलम १०१, उपनिबंधकाचा वसुली दाखला, नियम १०७ खाली जप्ती. दाखल्याविरुद्ध वर जायचं तर आधी निम्मी रक्कम भरा. लोकांना इंटरनेटवर धीर देणं सोपं असतं.

काळा कोट
मान्य. लवादाची नोटीस आली तर उत्तर द्यायचंच. लवाद कंपनीने एकतर्फी नेमला असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या पर्किन्स निकालाचा आधार घेऊन हरकत घेता येते, पण हरकत घ्यायला हजर व्हावं लागतं. आणि कलम २५ आधी नोटीस, मग भरायला १५ दिवस, असं चालतं. भाऊ हप्ते भरतोय, तेव्हा ती वेळ येऊ नये.

सुपेकर
आमच्या सुप्यात १२ मे १८७५ ला लोकांनी सावकारांची घरं फोडून पहिलं काय जाळलं? खतं, म्हणजे कर्जरोखे. धान्य नाही, सोनं नाही, कागद. कारण आकडा कागदात फुगत होता. पुढे १८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला आणि कोर्टाला खताच्या मागचा खरा हिशेब उकरायची मुभा मिळाली. आपल्याकडे दामदुप्पटही होतं, मुद्दलापेक्षा व्याज जास्त चढू द्यायचं नाही. तुमच्या भावाच्या कंपनीला दामदुप्पट लावा.

काळा कोट
इतिहास झकास, पण इथे लागू नाही. महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदा परवानाधारक आणि बेकायदा सावकारांसाठी आहे. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या फायनान्स कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलंय. तुमचं भांडण रिझर्व्ह बँकेच्या नियमांवरच उभं राहील.

जामीन राहिलो
सगळ्यांचं वाचतोय. कडू कारलं यांच्याशी सहमत, आणि माझं कारण त्यांच्यापेक्षा कडू आहे.

मी जिल्हा परिषदेत शिक्षक. शेजारच्या शाळेतल्या मित्राला पतसंस्थेत जामीन राहिलो. चार लाख. पहिलं वर्ष बरं गेलं. मग त्याने ‘हिशेब चुकीचा आहे’ म्हणून भरणं थांबवलं. अगदी असाच धागा त्याने आमच्या व्हॉट्सअॅप गटात काढला होता, कलमं-बिलमं सगळी. दाखला निघाला, आणि मुख्याध्यापकांनी मला बोलावून कागद दाखवला. २६ महिने माझ्या पगारातून कापले गेले. त्या काळात मुलीचं डिप्लोमाचं अॅडमिशन सोडावं लागलं. मित्राने मध्येच बुलेट घेतली. शाळेपुढून जाताना हॉर्न वाजवायचा, सवयीने.

हिशेब खरंच चुकीचा होता का? थोडा होता. व्याज तिमाहीऐवजी महिन्याला चढवलं होतं, अकराशे-बाराशेचा फरक. तो फरक मीच काढून घेतला, नंतर, एक अर्ज करून. त्यासाठी भरणं थांबवायची काही गरज नव्हती.

इंद्रायणीकाठ
सर, वाईट वाटलं. पण मी भरणं थांबवा म्हणतच नाहीये. हप्ता वेगळा, आकार वेगळा.

जामीन राहिलो
तोही असंच म्हणायचा.

रखमाची लेक
इथे सगळे शिकलेले दिसतात. माझी आई मायक्रोफायनान्सच्या गटात आहे. दर बुधवारी मीटिंग. कोणी हप्ता चुकवला की कंपनीचा पोरगा खुर्चीत बसून राहतो आणि बाकीच्या नऊ बायकांना उठू देत नाही. मग त्या नऊ जणीच तिच्या अंगणात जाऊन बसतात, शिव्या घालतात, कारण त्यांना घरी भाकरी टाकायची असते. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही हा नियम मलाही पाठ आहे. फोन करतच नाहीत ते! २०२२ च्या नियमानुसार घरातल्या सगळ्या हप्त्यांची बेरीज महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नये. आईच्या फॉर्मवर उत्पन्न कोणी लिहिलं? त्या पोरानेच. २०,०००. आमचं आठ होतं.

कारलेकाका, तुमच्यासमोर येऊन बसणारा माणूस सायकलवर का होईना येऊ शकत होता. आईने कुठे जाऊन बसायचं?

कडू कारलं
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्यात असा फॉर्म भरणारा एक होता, त्याला आम्ही काढला होता. एवढंच सांगू शकतो.

शून्य शिल्लक
काढला, आणि मग त्याने मायक्रोफायनान्समध्ये नोकरी धरली असणार.

काळा कोट
@रखमाची लेक, तो फॉर्म मागून घ्या, सहीसकट. कंपनी देत नसेल तर लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फी नाही, वकील नाही लागत. १४४४८ ला मराठीत बोलतात. वसुलीसाठी बाकी बायकांना डांबून ठेवणं हा त्यांच्या आचारसंहितेचा भंग आहे, तो तारीख-वार घालून लिहा.

इंद्रायणीकाठ
अडीच महिन्यांनी लिहितोय. तिन्ही थकलेले हप्ते पहिल्याच आठवड्यात भरले, पावतीवर ‘हप्त्यापोटी’ लिहून घेतलं. त्याच दिवशी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्रकाच्या पानासकट मेल. महिनाभर ‘आपली तक्रार महत्त्वाची आहे’ एवढंच. मग लोकपालाकडे. बाराव्या दिवशी कंपनीतून एका बाईंचा फोन, अगदी गोड आवाज.

भेट आकाराचे ३,००० शून्य. जीएसटीचे २२८ शून्य. आठ बाउन्सपैकी पाच रद्द, २,९५०. राहिले तीन बाउन्स आणि दंड, ३,०३६, ते भरले. विम्याचे ९,२०० मात्र परत द्यायला तयार नाहीत, ओटीपी दिला होता म्हणतात. त्यावर झगडा चालू आहे. भावाच्या बँकेने कापलेले ४,७२० गेले ते गेलेच.

कडू कारलं
म्हणजे शेवटी हप्ते, दंड आणि बाउन्स भरलेच की. काका बरोबर होते.

इंद्रायणीकाठ
काका ९,२१४ भरायला सांगत होते. ६,१७८ वाचले.

कडू कारलं
आणि त्यासाठी अडीच महिने. सिबिल बघा एकदा, तीन महिन्यांची थकबाकी तिथून कोणी पुसलेली नसेल.

इंद्रायणीकाठ
नाही पुसली. ८० ने उतरलाय स्कोअर.

जामीन राहिलो
जामीनदार कोण होतं तुमच्या भावाला?

इंद्रायणीकाठ
कोणी नाही, विनातारण होतं.

जामीन राहिलो
मग भांडा खुशाल.