गच्चीच्या टाकीसाठी मॉस्किटो सर्व्हर: रास्पबेरी पायवर चालतो, लॅपटॉपवरून ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’

चेंबूरकर_७
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी चेंबूरला, सात मजली. पालिकेचं पाणी पहाटे खालच्या टाकीत येतं, तिथून पंपाने गच्चीवर चढवतो. वरची टाकी भरली हे वॉचमनला कळतं ते पाणी ओसंडून रस्त्यावर पडायला लागलं की. म्हणून गच्चीवर ईएसपी३२ला (वायफाय असलेलं छोटं कंट्रोलर बोर्ड) पातळी मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर जोडलाय आणि पंपरूममधल्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर मॉस्किटो, म्हणजे संदेश घेऊन वाटणारा सर्व्हर, टाकलाय. त्याची संदेशांची पद्धत, एमक्यूटीटी, घेतली कारण संदेश अगदी छोटे असतात आणि गच्चीवर वायफाय जेमतेम पोचतं.

पायवरच एका टर्मिनलमध्ये मॉस्किटो_सब (संदेश ऐकणारी कमांड) लावून दुसऱ्यातून मॉस्किटो_पब (पाठवणारी) केलं की सगळं दिसतं. घरच्या लॅपटॉपवरून मात्र ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. ईएसपीचीही तीच गत. पिंग होतोय, फायरवॉल नाही. काय राहिलंय?

रात्रपाळी
मॉस्किटोच्या कॉन्फिगमध्ये ‘लिसनर १८८३’ (१८८३ या पोर्टवर ऐक) आणि खाली ‘अलाउ_अ‍ॅनॉनिमस ट्रू’, म्हणजे नाव-पासवर्ड न विचारता आत घे. रिस्टार्ट मार, चालेल.

मुलुंड_पंपरूम
चेंबूरकर, पहिली ओळ टाका, दुसरी कृपा करून टाकू नका.

आवृत्ती २.० डिसेंबर २०२० मध्ये आली, तेव्हापासून लिसनर सांगितला नाही तर मॉस्किटो फक्त त्याच मशीनवरच्या क्लायंटशी बोलतो. लॉग उघडा, ‘स्टार्टिंग इन लोकल ओन्ली मोड’ अशी ओळ असेल. त्याआधी तो कुणालाही आत घ्यायचा, म्हणून जुन्या लेखांत याचा उल्लेखच नसतो आणि नवीन माणूस इथेच अडकतो.

लिसनर टाकून रिस्टार्ट केलंत की ‘कनेक्शन रिफ्यूज्ड: नॉट ऑथराइज्ड’ येईल. घाबरू नका, हा नकार वेगळा. आधी त्या पोर्टवर ऐकायला कुणी नव्हतं. आता सर्व्हर भेटला आणि नाव-पासवर्ड मागतोय. मॉस्किटो_पासडब्ल्यूडीने फाइल बनवा आणि कॉन्फिगमध्ये ‘पासवर्ड_फाइल’ म्हणून तिचा पत्ता द्या. मॉस्किटोच्या युजरला ती वाचता आली पाहिजे. ‘-सी’ फक्त पहिल्या नावाला लावायचा. दुसऱ्या नावालाही लावलात तर फाइल नव्याने बनते आणि पहिलं नाव जातं.

एवढा आग्रह का धरते सांगते. आज तुम्ही नुसती पातळी वाचताय. उद्या कमिटीच म्हणेल, पंपही यावरूनच चालू करू या. सोसायटीच्या वायफायचा पासवर्ड किती भाडेकरूंकडे आणि किती पाहुण्यांकडे गेलाय, कुणी मोजलंय का? खालची टाकी रिकामी असताना कुणी गंमत म्हणून ‘चालू’ पाठवलं तर पंप कोरडा फिरतो, मोटर जळते आणि अख्खी इमारत टँकरची वाट बघत बसते. तेव्हा ईएसपीला वेगळं नाव, वॉचमनला वेगळं नाव, आणि एसीएल फाइलमध्ये (कुणाला काय करता येईल याची यादी) वॉचमनला फक्त वाचायची परवानगी. १८८३ वर सगळं उघड्यावर जातं, त्यामुळे राउटरवरून हा पोर्ट बाहेर अजिबात काढू नका. बाहेरून बघायचंच असेल तर टीएलएस (संदेश वाटेत कुणाला वाचता येऊ नयेत म्हणून) लावून ८८८३.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. सेन्सर बंद पडला तर कळणार कसं? पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहतो आणि ‘८० टक्के’ बघून वॉचमन निवांत असतो. ईएसपी जोडला जातानाच त्याच्याकडून विल, म्हणजे तो अचानक गेला तर सर्व्हरने पाठवायचा संदेश, नोंदवून घ्या: टॉपिक (संदेशाचा पत्ता) ‘टाकी/गच्ची/स्थिती’, मजकूर ‘गायब’, रिटेन (सर्व्हरने जपून ठेव) लावून. टॉपिक मराठीत चालतो, यूटीएफ-८ आहे. जोडणी झाली की त्याच टॉपिकवर ईएसपीने ‘हजर’ पाठवायचं, तेही रिटेन. कीपअलाइव्हच्या (जास्तीत जास्त किती वेळ गप्प राहायचं तो अवधी) दीडपट वेळ त्याच्याकडून काहीच आलं नाही की सर्व्हर स्वतःच ‘गायब’ जाहीर करतो. कीपअलाइव्ह ६० सेकंद असेल तर ९० सेकंदांत. रीतसर निरोप घेऊन डिस्कनेक्ट झाला तर मात्र विल निघत नाही, म्हणून तपासताना थेट वीज काढा. माझ्या लेखी आकड्यापेक्षा ही ओळ मोलाची आहे.

चेंबूरकर_७
ताई, चाललं! आधी ‘नॉट ऑथराइज्ड’, मग पासवर्ड दिल्यावर आकडे धडाधड. ईएसपीचा चार्जर उपटला, थोड्या वेळाने ‘गायब’ आलं. आता दोन शंका. लॅपटॉपवर क्लायंट सुरू केला की पुढचं रीडिंग येईपर्यंत पडदा कोराच असतो. आणि पासवर्ड दरवेळी कमांडमध्ये लिहावा लागतो, तो पीएस (चालू प्रोसेसची यादी) केलं की दिसतो.

रात्रपाळी
पासवर्डचं सांगतो. होम फोल्डरमधल्या .कॉन्फिगमध्ये ‘मॉस्किटो_सब’ नावाची फाइल बनव, एकेका ओळीत एकेक ऑप्शन, आणि तुझ्याशिवाय कुणाला वाचता येणार नाही अशी परवानगी दे. आणि अ‍ॅनॉनिमसचं ताईंचं पटलं. पंपाचा विचार माझ्या डोक्यात नव्हता.

मुलुंड_पंपरूम
कोऱ्या पडद्यावर उपाय तोच, पातळीही रिटेन लावून पाठवा. सर्व्हर त्या टॉपिकचा शेवटचा संदेश जपतो आणि नव्या क्लायंटला लगेच देतो. सबला ‘-व्ही’ लावा, म्हणजे टॉपिकचं नावही दिसेल. रात्रीत काय काय झालं ते सकाळी हवं असेल तर सबला ठरावीक ‘-आय’ नाव, ‘-सी’ (तुटल्यावरही ओळख जप) आणि ‘-क्यू १’ (क्यूओएस १, म्हणजे पोच घेऊन संदेश) द्या. पाठवणाऱ्यानेही क्यूओएस १ वरच पाठवायला हवं, नाहीतर संदेश साठत नाहीत.

पण पंपाचा ‘चालू’ हुकूम कधीही रिटेन करू नका. वीज जाऊन आली, पंपाचा कंट्रोलर पुन्हा जोडला गेला, की जुना ‘चालू’ त्याच्या हातात पडतो आणि मध्यरात्री पंप सुरू होतो. चुकून लागलाच असेल तर त्याच टॉपिकवर ‘-आर -एन’ लावून रिकामा संदेश पाठवा, साठवलेला पुसला जाईल.