टायरोसिल रॅडिकलचा हायड्रोजन बंध एक्स-बँडवर कळतो का?

प्रश्न (वलयांकित):
प्रथिनातल्या टायरोसिल रॅडिकलला (अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेल्या टायरोसिनला) शेजारचं हिस्टिडीन हायड्रोजन बंध देत असावं, अशी रचना आहे. त्या जागी अलॅनिन घातलं, तरी ९.५ गिगाहर्ट्‌झवरचा (एक्स-बँड) ईपीआर वर्णपट, म्हणजे अयुग्मित इलेक्ट्रॉनचा चुंबकीय क्षेत्रातला वर्णपट, जसाच्या तसा. बंध नव्हताच असं धरायचं का?

स्पिनकर:
नाही, या वारंवारतेला तो फरक दिसणारच नाही. इथे वर्णपटाचा आकार ठरवतात ते बीटा-मिथिलीनचे (वलयाला लागून असलेल्या सीएच२ चे) आणि वलयाच्या ३, ५ स्थानांवरचे प्रोटॉन. बीटा कपलिंग (बीटा प्रोटॉनमुळे रेषा किती फुटतात ते) साइडचेन किती वळली आहे यावर ठरतं, बंधाशी त्याचा फारसा संबंध नाही.

बंधाचा ठसा उमटतो जी-एक्सवर. जी म्हणजे रेषा कोणत्या क्षेत्राला येते ते ठरवणारा आकडा; त्याचे एक्स, वाय, झेड असे तीन घटक, आणि जी-एक्स हा सी–ओ दिशेचा. ई. कोलायच्या रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेजमधल्या वाय१२२ ला (१२२व्या स्थानच्या टायरोसिनला) बंध नाही. त्याचा जी-एक्स २.००९१. प्रकाशसंश्लेषणाच्या फोटोसिस्टिम २ मधल्या वाय-डी या टायरोसिनला डी२ उपघटकाचं हिस्टिडीन १८९ बंध देतं. तिथे साधारण २.००७५. कारण असं की बंधामुळे ऑक्सिजनवरच्या एकाकी जोडीची ऊर्जा खाली जाते, अयुग्मित इलेक्ट्रॉनच्या कक्षकापासूनचं अंतर वाढतं आणि स्पिन-ऑर्बिट मिश्रण घटतं. जी-झेड मात्र २.००२२ च्या आसपास, जागचा हलत नाही.

आता हिशोब. ०.००१६ चा फरक ३३९ मिलिटेस्लाला जेमतेम ०.२७ मिलिटेस्ला होतो, आणि वाय१२२ मध्ये एकट्या बीटा प्रोटॉनचं कपलिंगच २ मिलिटेस्लाच्या घरात आहे. ९४ गिगाहर्ट्‌झला तोच फरक २.७ मिलिटेस्ला. मोजा तिथेच. मॅग्नेशियम ऑक्साइडमधलं मँगनीज (जी = २.००१०१) संदर्भ म्हणून सोबत ठेवा, कारण ०.१७ मिलिटेस्लाची चूक म्हणजे जी मध्ये ०.०००१ ची चूक.

जडपाणी:
वरचं बरोबर, पण जी-एक्स कमी आला म्हणून बंध सिद्ध झाला असं नाही. जवळचा धन प्रभारही तो खाली ओढतो. पुरावा हवा तर ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) एन्डॉर, म्हणजे इलेक्ट्रॉनजवळच्या अणुकेंद्रकांचं कपलिंग थेट मोजणारी पद्धत.

बफर जड पाण्यात बदला. पीएच मीटरच्या आकड्यात ०.४ मिळवला की पीडी (जड पाण्यातला पीएच). आत गाडलेल्या जागी हायड्रोजन-ड्यूटेरियमची अदलाबदल तासन्‌तास घेते, म्हणून शक्य असेल तर आधी अदलाबदल, मग रॅडिकल तयार करणं. ग्लिसरॉलही ओडी (ओएचच्या जागी ड्यूटेरियम) असलेलंच घ्या. साधं २० टक्के घातलं तर अदलाबदल होणाऱ्या हायड्रोजनपैकी ८-९ टक्के पुन्हा साधा होतो. ही चूक फार जण करतात.

कपलिंगचा अंदाज: टी (त्याचा अंतरावर अवलंबून असलेला भाग) = ७९ × स्पिन घनता ÷ अंतराचा घन (अंतर अँगस्ट्रॉममध्ये, उत्तर मेगाहर्ट्‌झमध्ये). ऑक्सिजनवर ०.२५ आणि अंतर १.७५ धरलं तर प्रोटॉनसाठी टी ३.७, कमाल कपलिंग ७.४. ड्यूटेरियमसाठी ६.५ ने भागा: १.१. मिम्स एन्डॉरमध्ये (एन्डॉरचा स्पंदांचा एक प्रकार) टाऊ, म्हणजे पहिल्या दोन स्पंदांमधला वेळ, ९०० नॅनोसेकंद ठेवलात तर नेमका हाच संकेत गायब होतो. ४५० च्या आसपास ठेवा. ९४ गिगाहर्ट्‌झला ड्यूटेरियम २२ मेगाहर्ट्‌झजवळ येतो. एक्स-बँडला तो २.२ वर, नायट्रोजनच्या गर्दीत.

वलयांकित:
आणि अलॅनिन घातल्यावरही जी-एक्स २.००७५ च आला तर?

स्पिनकर:
मग आधी पाण्याचा संशय घ्या. हिस्टिडीन काढल्यावर पोकळी उरते, पाण्याचा रेणू तिथे बसतो आणि बंध तोच देतो. जी-एक्सच्या कडेची रुंदी बघा. एकच ठराविक बंध असेल तर कडा टोकदार, पाणी निरनिराळ्या अंतरांवर बसत असेल तर पसरट. मँगनीज काढलेल्या फोटोसिस्टिम २ मध्ये वाय-झेड या दुसऱ्या टायरोसिनची कडा अशीच पसरते. ईझीस्पिनमध्ये (वर्णपट जुळवण्याचं सॉफ्टवेअर) एकाच जी-एक्सला लाइनविड्थ वाढवून ती जुळवू नका. जी-स्ट्रेन (जी मूल्यांचा पसारा) फक्त एक्स घटकाला द्या. वाय आणि झेडकडच्या रेषा अरुंदच राहिल्या तर पसरट कडेचं कारण बंध किंवा आसपासचे प्रभार, सर्वसाधारण शिथिलन नव्हे.

जडपाणी:
त्या नमुन्याचं एन्डॉर घेतलंत तर ड्यूटेरियमच्या शिखरांचीही तीच गत दिसेल, धूसर आणि उतरती. अशा वेळी एकच अंतर छापू नका, पल्ला द्या.