कुंझुम पास: मनालीकडून चढायचं का शिमल्याकडून?

गोदाकाठचा:
आमच्या नांदेडच्या ग्रुपवर यावरून नुसती हाणामारी चालूय म्हणून इथं टाकतोय. हिमाचलातल्या स्पितीला जायचंय, सोबत दोघांचे आईवडील. निम्मे म्हणायलेत मनालीत झोपायचं, पहाटे निघायचं, रोहतांग खिंडीखालच्या अटल टनेलमधून पलीकडं जाऊन ग्राम्फू, बातल करत कुंझुमची खिंड ओलांडायची आन् रात्री स्पितीतलं मुख्य गाव काझात. माझ्या मते हा शुद्ध येडेपणा आहे. मनाली 2,000 मीटरच्या आसपास, कुंझुम 4,551. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या 60 टक्क्यांपेक्षा कमी असतो आणि आपण उन्हात तापलेल्या सपाटीवरची माणसं. शिमल्याकडून कल्पा, नाको, काझा असं टप्प्याटप्प्यानं अंग सरावतं, कुंझुम शेवटी येतो, मग खाली मनाली. सचखंड एक्स्प्रेसनं लंगर खात अंबाल्याला उतरलं की शिमला काय लांब नाही.

बुलेटवाला जालनेकर:
भाऊ कामून घाबरवायलास म्हाताऱ्या माणसांना? पासवर थांबतो किती, कुंझुम मातेच्या देवळाला गाडीनंच फेरी मारली, फोटो काढला, निघाले. आणि शिमल्याकडून किन्नौर जिल्हा लागतो त्याचं काय, ऑगस्ट 2021 ला निगुलसरीत डोंगर कोसळून एसटीसारखी सरकारी बस गाडली गेली होती. पेरण्या उरकून लोक जुलै-ऑगस्टात निघतात, नेमका दरडींचा टाइम. वर सुट्ट्या जास्त लागतात त्या वेगळ्या.

गोदाकाठचा:
दरडीचं मान्य. पण पासवर दहा मिनिटं थांबल्यानं कोण मरत नाही, प्रश्न झोपायच्या उंचीचा आहे. 3,000 च्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नका असं डॉक्टर सांगतात, आणि मनालीहून काझा म्हणजे एका रात्रीत दीड हजाराच्या वर उडी! त्यात कुणीतरी चंद्रताल तळ्यापाशी तंबूत राहायचं काढलंय, ते तर 4,200 च्याही वर. रात्री डोकं फुटायला लागलं, उलट्या झाल्या तर खाली उतरणं हाच उपाय आणि अंधारात त्या रस्त्यानं उतरणार कसं?

मास्तर लातूर:
तुम्ही भांडत बसा, आम्हा शिक्षकांना सुट्टी मे मध्ये. तेव्हा कुंझुमवर बर्फ असतं, बऱ्याचदा जून उजाडतो रस्ता उघडायला. आम्ही शिमल्याकडून जाणार आन् त्याच वाटेनं परत येणार, कुंझुम फोटोत बघू.

परभणीची पोरगी:
दोघंबी नाल्यांचं बोलंनात. बातल ते ग्राम्फू रस्ता म्हणजे नुसते गोटे आणि मधी वाहते नाले, ऊन चढलं की वरचं बर्फ वितळून दुपारनंतर पाणी वाढतं. आमचा ड्रायव्हर एका नाल्यापाशी उतरला, पँट गुडघ्याच्या वर दुमडली, पाण्यात शिरून पायानं दगड चाचपले, दोन मोठे धोंडे बाजूला सरकवले आणि मग गाडी घातली, आत सगळे चिडीचूप. मनालीकडून पहाटे निघालं तर हे नाले सकाळीच लागतात, काझाकडून आलं की उशिरा. म्हणून यात बुलेटवाल्याच्या बाजूनं माझं एक मत.

बुलेटवाला जालनेकर:
घ्या! आणि उंचीच्या त्रासावर डायमॉक्सच्या गोळ्या मिळतात की.

गोदाकाठचा:
गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय नको, सल्फाची ॲलर्जी असणाऱ्याला तर अजिबात नको, आणि गोळी खाल्ली म्हणजे वाट्टेल तसं चढायचं लायसन मिळालं असं नाही. नाल्यांवर उपाय आहे: काझात दोन-तीन दिवस काढले की आदल्या रात्री पासच्या अलीकडं लोसर गावात मुक्काम करायचा, उजाडताच निघायचं, पास सकाळीच पार. 2020 ला टनेल झाला, रोहतांग चढायची गरज राहिली नाही, म्हणून लोकांना कुंझुमही सोपा झाला असं वाटायला लागलंय. जुलै 2023 ला चंद्रतालला बर्फात सुमारे 300 लोक अडकले होते, भर उन्हाळी सीझनमध्ये.

बुलेटवाला जालनेकर:
बरं बाबा, मग मनालीकडूनच जाऊ पण टनेलच्या पलीकडं सिस्सूला मुक्काम करू, 3,100 च्या आसपास आहे. पहाटे तिथून निघालं की नालेबी सकाळी, चंद्रताल कॅन्सल. आता तरी चालतंय का?

गोदाकाठचा:
सिस्सूला एक नाही, दोन रात्री. तरी माझं मत शिमलाच.

परभणीची पोरगी:
कुठूनबी जा, टाकी आधी फुल्ल करा. काझा सोडलं की ग्राम्फूपर्यंत पंपाच्या भरवशावर राहू नका. आणि बातलला मोबाइलला रेंज मिळेल या भरवशावर तर राहूच नका.