मदत हवी आहे: ब्रेकिंग बॅडमधल्या वॉल्टच्या त्या फोनचा अर्थ काय लावायचा?

मंडळी, ब्रेकिंग बॅड ही अमेरिकन मालिका बघतेय (वॉल्ट म्हणजे ड्रग्ज बनवायला लागलेला केमिस्ट्रीचा शिक्षक), काल पाचव्या सीझनचा १४ वा एपिसोड झाला, ओझिमँडियस, आणि रात्रभर डोक्यातून जात नाहीये. त्याचा साडू हँक, जो ड्रग्जविरोधी खात्यात अधिकारी आहे, त्याला वाचवायला वॉल्ट जवळजवळ सगळे पैसे, ८ कोटी डॉलर, द्यायला निघतो आणि तरी टोळीचा म्होरक्या जॅक हँकला गोळी घालतोच, तिथे वॉल्ट वाळूत आडवा पडतो तेव्हा आवाजच येत नाही त्याच्या तोंडातून, बघवलं नाही हो.

पण माझा प्रश्न फोनचा आहे. बाळाला घेऊन पळाल्यावर वॉल्ट बायकोला, स्कायलरला, फोन करून वाट्टेल ते बोलतो, तू मला कायम खाली ओढलंस वगैरे. घरात पोलीस ऐकतायत हे त्याला माहीत असणारच, म्हणजे तिला यातून सोडवायला केलेलं नाटक ना? आणि बोलता बोलता तो रडतोय पण. माझ्या नवऱ्याचं म्हणणं शंभर टक्के नाटक. मला नाही पटत, तो राग इतका आतून येतो की निम्मा तरी खरा असणार, वर्षभर साठलेला. स्कायलरच्या चेहऱ्यावर मधेच काहीतरी बदलतं, तिला तेव्हाच कळलं का?

दुसरं, हँक गेल्यावर आपल्या जुन्या साथीदाराला, जेसीला, त्याची मैत्रीण जेन मरताना आपण नुसतं बघत राहिलो हे सांगायची काय गरज होती? वॉल्ट तर नाटक नव्हता करत तिथे, निव्वळ क्रूरपणा वाटला मला.

ज्यांनी नीट बघितलंय त्यांनी प्लीज सांगा. शेवटचे दोन एपिसोड राहिलेत, पुढचं काही फोडू नका.