अनुभव धागा: टोकियोत गाईडच्या मागे मागे पायी भटकलेले कोण कोण आहेत?

वेलदोडा
काल भाचीचा फोन. नवऱ्याबरोबर टोकियोला चाललीये, विचारत होती मावशी त्या वॉकिंग टूर असतात त्या घ्याव्यात का गूगल मॅप लावून आपलं आपण फिरावं. मी म्हणलं थांब सांगते, आणि मग तिला बोलूच दिलं नाही, सगळं परत डोळ्यापुढे आलं.

आम्ही आसाकुसाला, म्हणजे टोकियोतल्या जुन्या देवळाच्या भागात, फुकटवाली टूर केली होती. गुडविल गाईड म्हणतात त्यांना, बरेचसे रिटायर्ड लोक, इंग्रजी बोलायची हौस असलेले. आमचे गाईड आजोबा म्हणजे हातात छोटा झेंडा आणि गळ्यात प्लास्टिक कोटिंग केलेल्या जुन्या फोटोंची चळत. कामिनारीमोन म्हणजे तिथल्या सेन्सोजी देवळाचं बाहेरचं दार, त्याचा लाल कंदील फोटोत सगळ्यांनी बघितलाय, जवळजवळ चार मीटर उंच आणि सातशे किलोचा. लोक समोरून सेल्फी काढत होते, आजोबांनी आम्हाला बरोबर त्याच्या खाली उभं केलं, म्हणाले वर बघा. बुडाला लाकडात कोरलेला ड्रॅगन! आणि हे दार १९६० साली मात्सुशिता, म्हणजे पॅनासोनिकचे संस्थापक, त्यांनी आजारातून बरं झाल्यावर बांधून दिलं, कंदिलासकट. नवस फेडला म्हणा ना.

मग सेन्सोजीच्या आवारात एक म्हातारं गिंकोचं झाड आहे तिकडे नेलं. खोडाची एक बाजू काळीठिक्कर, कोळसा झालेली, वर मात्र हिरवी गच्च पानं. १० मार्च १९४५ च्या रात्रीच्या बॉम्बहल्ल्यात जळालेलं झाड. आजोबांनी चळतीतला एक फोटो काढून त्याच दिशेला धरला, सगळं सपाट, राख. त्या एका रात्रीत लाखाच्या आसपास माणसं गेली. आत्ताचं मुख्य देऊळ १९५८ चं आहे, काँक्रीटचं. आमच्या शेजारी एकजण बायकोला सांगत होता की हे हजार वर्षं जुनं बांधकाम आहे बघ, आजोबा ऐकून नुसते हसले.

तर लिहा तुमचे अनुभव, चांगले वाईट सगळे. भाचीला वाचायला देणार आहे.

चिंचगूळ
पहिली मी! ओमिकुजी काढली की नाही तिथे? शंभर येन टाकून डबा हलवायचा, काडी निघते, काडीवरच्या नंबराच्या खणातून भविष्याची चिठ्ठी. सेन्सोजीला वाईट चिठ्ठ्या जास्त निघतात म्हणून प्रसिद्ध आहे. माझ्या नवऱ्याला वाईट निघाली, गाईड म्हणाली काळजी नको, इथल्या तारेला बांधून टाका, घरी न्यायची नाही. हा पठ्ठ्या म्हणतो शंभर येन दिलेत, नेणार. अजून पाकिटात आहे ती चिठ्ठी. प्रमोशन झालं नाही त्याचा दोष मी तिलाच देते.

रात्रपाळी
हसून हसून पुरेवाट. शंभर येन वसूल.

गावठी कोंबडी
आसाकुसालाच होता तर गणपती बघितला का नाही?? तिथून नदीकडेने उत्तरेला चालत दहा पंधरा मिनिटं, मात्सुचियामा शोदेन म्हणून देऊळ आहे छोट्या टेकाडावर. आमची गाईड बाई म्हणाली यू आर फ्रॉम इंडिया, चला तुमच्या देवाकडे नेते. टूरमध्ये नव्हतं, तिने आपणहून नेलं. तिथे कांगितेन म्हणतात, आपला गणपतीच, पण मूर्ती बघायला मिळत नाही, कायम झाकलेली. आणि नैवेद्य काय असेल? मुळा! पांढरा जाडजूड मुळा, देवळातच विकत मिळतो. पायऱ्यांवर, कंदिलांवर सगळीकडे मुळ्यांची जोडी आणि पैशाची थैली कोरलेली. वाहिलेले मुळे नंतर भक्तांना प्रसाद म्हणून देतात, आम्हाला एक मिळाला. सासूबाईंनी तिथल्या तिथे अथर्वशीर्ष म्हणलं, जपानी आज्या गप्प उभ्या राहून ऐकत होत्या. गाईड बाईने रेकॉर्ड केलं.

गुडघेवाल्यांसाठी टीप: टेकाडावर चढायला छोटी लिफ्टसारखी गाडी आहे रुळावरची, फुकट.

वेलदोडा
अगं बाई हे आजोबांनी सांगितलंच नाही! हातातोंडाशी येऊन गणपती राहिला की.

तुषार_सिंचन
मुळ्याचं पुढे काय केलं, कोशिंबीर?

गावठी कोंबडी
हो, हॉटेलच्या खोलीत, किसणी नव्हती म्हणून चमच्याने खरवडून. दही कोपऱ्यावरच्या दुकानातलं. मीठ विमानातल्या पुड्यांचं. विचारू नका.

खडूस_काका
माझं मत वेगळं आहे, रागवू नका. टोकियोत गाईड म्हणजे पैशाचा चुराडा. स्टेशनात पाट्या इंग्रजीत, ट्रेन सेकंदाला धरून, मॅप दाखवतो कुठल्या डब्यात बसा आणि कुठल्या एक्झिटने बाहेर या. मी एकटा निहोनबाशीला गेलो, तो पूल जिथून सगळ्या जपानचे रस्ते मोजतात. १९११ चा दगडी पूल, पंखवाले प्राणी खांबांवर, आणि ऐन डोक्यावरून १९६३ चा उड्डाणपूल घातलाय, आभाळच दिसत नाही. आता म्हणे तो उड्डाणपूल काढून रस्ता जमिनीखालून नेणार आहेत. हे सगळं मी फोनवर वाचलं पुलावर उभं राहून. कोणी झेंडा धरून सांगायची गरज नव्हती. आणि हवा तेवढा वेळ थांबलो.

रात्रपाळी
काका बरोबर आहे तुमचं पण काही गोष्टी तुम्ही शोधणारच नाही तर फोन काय सांगणार. टोकियो स्टेशनच्या लाल विटांच्या इमारतीत मी रोज नोकरीला जाताना जायचो. एकदा कंपनीत पाहुणे आले म्हणून त्यांच्याबरोबर गाईड टूरला गेलो तर बाई तिकीट गेटजवळ थांबली आणि फरशीकडे बोट दाखवलं. छोटीशी गोल खूण. १९२१ साली पंतप्रधान हारा ताकाशी यांचा तिथे खून झाला, भोसकून. मी त्या खुणेवरून रोज चालत होतो हो.

खडूस_काका
हं. हे चांगलं आहे. तरी पैसे देणार नाही.

निळी_छत्री
वाईट अनुभव आमच्याकडून घ्या. इथून बुक केलेली टूर, कंपनीचं नाव लिहीत नाही, शिबुया ते मेजी जिंगू देऊळ 'निवांत पायी सफर'. निवांत कसली, तीसेक माणसं, कानात यंत्र, गाईड पुढे गर्दीत गेला की यंत्रात नुसती खरखर. हाचिको कुत्र्याच्या पुतळ्यापाशी दोन मिनिटं. तो आत्ताचा पुतळा मूळ नाही, मूळ १९३४ चा युद्धात वितळवला, हा १९४८ चा, हे मला नंतर कळलं, गाईडने काय सांगितलं असेल तर खरखरीत गेलं. मग एका दुकानात मोती दाखवायला बराच वेळ. मेजी जिंगूच्या जंगलात मात्र बरं वाटलं, ती सगळी झाडं माणसांनी लावलीत, देशभरातून लोकांनी एक लाख झाडं पाठवली होती शंभर वर्षांपूर्वी, आणि अशी निवडली की पुढे जंगलाने आपलं आपण वाढावं. पण तिथेही चला चला. सासऱ्यांना बाथरूमला जायचं होतं तरी चला चला.

बुक करायच्या आधी ग्रूपमध्ये किती जण ते विचारा. दहाच्या वर असतील तर सोडून द्या.

आळूवडी
निळी छत्री, +१. मोत्याचं दुकान आम्हालाही दाखवलंय, बहुतेक गाईड एकच असेल :)

प्रश्न: शाकाहारी लोकांनी काय खाल्लं?

चिंचगूळ
ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, उमेबोशीवाली. आत आंबट खारट फळ असतं, आपल्या खारातल्या कैरीचं नातेवाईक. बाकी कशातही माशाचा रस्सा असतो, सूप, सॉस, भाजी कशातही. आमच्या गाईडने जपानीत कागदावर लिहून दिलं होतं मासे नको, माशाचं पाणी पण नको, अंडं चालेल. तो कागद म्हणजे त्या टूरची खरी कमाई.

वैदर्भीय_पाहुणा
बाप्पा, आम्ही तर थेट टोकियोतलं निशिकासाई गाठलं. तिथं आपले लोक लय आहेत, दोन हजार सालच्या आसपास कॉम्प्युटरवाले इंजिनिअर आले अन तिथंच राह्यले. डोसा, पोहे, सगळं भेटते. माझा मावसभाऊ तिथं राह्यते, तोच आमचा गाईड. त्याची टूर म्हणजे ही शाळा, हे डाळ मिळणारं दुकान, अन हा बगीचा जिथं पोरं क्रिकेट खेळतात. एका दिवसात एवढंच. मंदिर बिंदिर कुछ नाही. मस्त झोपलो दुपारी.

कोकणकड्यावरून
टिपबद्दल कोणी लिहिलं नाही. आमच्यात त्यावरून भांडण झालं. बाबा म्हणे इतकं फिरवलं म्हाताऱ्याने, दिलेच पाहिजेत. त्यांनी पैसे पुढे केले तर गाईड दोन पावलं मागे, हात नाही नाही करत. बाबा अजून पुढे. बिचाऱ्याची पाठ भिंतीला लागली. शेवटी आईने पर्समधून बाकरवडीचं पाकीट काढलं, ते मात्र दोन्ही हातांनी घेतलं आणि वाकून वाकून आभार.

जुना_दुभाषा
जपानी शिकवतो म्हणून थोडं सांगतो. गुडविल गाईडला पैसे द्यायचे नसतात, त्यांचा त्या दिवसाचा प्रवास, आत जायचं तिकीट, बरोबर जेवलात तर जेवण हे आपण करायचं. पैसे घेणाऱ्या गाईडचं वेगळं. १९४९ चा कायदा होता, सरकारी परीक्षा पास झाल्याशिवाय परदेशी लोकांना पैसे घेऊन परभाषेत फिरवायचं नाही. ती परीक्षा कठीण, इतिहास भूगोल सगळं. जानेवारी २०१८ पासून ती अट गेली, आता कोणीही टूर काढतो. त्यामुळे चांगले तरुण लोकही आले, गल्लीतला बार, वाद्यांची दुकानं असल्या टूर काढणारे, आणि मोतीवालेही आले. परीक्षा पास असलेल्यांकडे ओळखपत्र असतं, मागितलं तर राग येत नाही त्यांना.

आणि 'फुकट, शेवटी वाटेल ते द्या' अशा टूर निघाल्यात त्या गुडविलवाल्यांपेक्षा वेगळ्या, तिथे द्यायचे असतात. बुकिंगच्या पानावर बघून घ्या.

कोकणकड्यावरून
धन्यवाद सर. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणतात तरी द्यायला हवे होते.

पाणिनीचा_पेन
यानाका कोणी केलं नाही का? उएनोच्या मागे. १९२३ च्या भूकंपातून आणि युद्धातून बराचसा वाचलेला भाग, अरुंद गल्ल्या, लाकडी घरं, देवळंच देवळं आणि मोठी दफनभूमी, शेवटच्या शोगुनची, म्हणजे लष्करी राज्यकर्त्याची, कबर तिथेच. आमचा गाईड विद्यार्थी होता, फार बोलायचा नाही. कबरींच्या मागे उंच लाकडी फळ्या उभ्या असतात, वाऱ्याने एकमेकींवर खटखट वाजतात. मी जवळ गेलो तर वरून खाली शाईने अक्षरं, आणि ती मला लागायला लागली! सिद्धम लिपी, बौद्ध धर्माबरोबर आपल्याकडून चीनमार्गे गेलेली. ख ह र व अ. आकाश वायू अग्नी जल पृथ्वी. फळीच्या वरच्या टोकाला खाचा असतात त्याही याच पाचांच्या. गाईडला वाचून दाखवलं तर तो म्हणे मी इथे इतके वेळा आलो, मला हे वाचता येत नाही. मग पुढचा वेळ मीच त्याला फिरवलं, प्रत्येक फळीपाशी थांबून. बायको आणि मुलगी कंटाळून क्रोकेट खायला यानाका गिंझाला, तिथल्या बाजारगल्लीत, निघून गेल्या.

खडूस_काका
बघा, गाईडलाच गाईड लागला.

पाणिनीचा_पेन
:) काका तुम्ही जिम्बोचोला जा, जुन्या पुस्तकांच्या दुकानांची रांग, आपलं अप्पा बळवंत चौक पण अवाढव्य. बहुतेक दुकानं रस्त्याच्या दक्षिण बाजूला, तोंड उत्तरेला, म्हणजे ऊन पुस्तकांवर पडत नाही. तिथे खरंच गाईड नको.

खडूस_काका
जाऊन आलो. दोन पिशव्या आणल्या. वाचता एक येत नाही.

गावठी कोंबडी
उएनोच्या तळ्यातली सरस्वती पण बघा. शिनोबाझु तळं, मधे बेंझाइतेनचं देऊळ, म्हणजे सरस्वतीच, आठ हातांची. बाहेर वीणेसारख्या वाद्याचं शिल्प. उन्हाळ्यात तळंभर कमळं. आणि आजूबाजूला स्मारकं कसली आहेत माहितीये का, चष्म्याचं स्मारक! स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांचं! फुगू माशाचं! कुणीतरी दगडावर मोठा चष्मा कोरून ठेवलाय. माझ्या लेकाने आपला चष्मा काढून त्या दगडाला नमस्कार घातला.

आळूवडी
सुऱ्यांचं स्मारक हवंच आमच्या घरी, सगळ्या बोथट झाल्यात.

शिवारातला_मोर
एक न मिळणारी टूर सांगतो, आपली आपणच करायची. मेट्रोच्या मारुनोउची लाईनने हिगाशी-कोएंजीला उतरा, रेन्कोजी म्हणून साधं देऊळ आहे वस्तीत. नेताजींच्या अस्थी १९४५ पासून तिथे आहेत असं मानतात, आवारात त्यांचा अर्धपुतळा. नेहरू, राजेंद्रप्रसाद, इंदिराजी, वाजपेयी सगळे जाऊन आलेत. मग त्याच लाईनने शिंजुकु, नाकामुराया. १९१५ मध्ये क्रांतिकारक रासबिहारी बोस इंग्रजांपासून लपले ते याच बेकरीच्या मालकांकडे, पुढे त्यांचे जावई झाले, आणि १९२७ पासून तिथे त्यांनी शिकवलेली करी मिळते. अजून मिळते. चिकन आहे पण, शाकाहारींनी नुसतं दार बघावं.

वेलदोडा
वा! भाचीला हे नक्की सांगते, तिच्या नवऱ्याला इतिहासाचं वेड आहे. पण एका दिवसात होईल का रेन्कोजी, नाकामुराया आणि तो गणपती?

शिवारातला_मोर
होईल, पण गणपती सकाळी. देऊळ चारच्या पुढे बंद होतं असं गृहीत धरा, टोकियोतली बरीचशी देवळं लवकर मिटतात. करी रात्री.

वैदर्भीय_पाहुणा
अन बूट असे घाला जे काढता घालता येतात. माझ्या लेसवाल्या बुटांपायी अख्खा ग्रूप दरवेळी थांबे. मावसभावाने शेवटी चपला घेऊन दिल्या.

मृदगंध_८
ओसाकाचं कोणी केलंय का? आम्ही तिकडे चाललोय, खाण्याच्या टूर असतात म्हणे रात्रीच्या, पण आम्ही माळकरी.

चिंचगूळ
मृदगंध, माळकरी आणि ओसाकाची खाण्याची टूर :) त्यावर वेगळा धागा काढा, दोनशे प्रतिसाद नक्की.

जुना_दुभाषा
काढा काढा. तोवर माशाचा रस्सा नको हे जपानीत कसं लिहायचं ते तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवतो, कांदा लसूण पण नको ना?

मृदगंध_८
हो सर, कांदा लसूण पण नको. उपकार होतील. प्रिंट मोठ्या अक्षरात काढू ना?